बोंबीलचा खांब

८ जानेवारी २००७, सोमवार

नवा सोफा येऊन पुरते दहा दिवस झाले नाहीत आणि आज बोंबीलने त्याचा मागचा कोपरा फाडला! मेगन ऑफिसातून आली, पर्स ठेवली, वळली आणि तिथेच थांबली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मम्मी, हा माझ्या पहिल्या बोनसमधून घेतलाय."

सून चांगली आहे, हीच तर पंचाईत. वाईट असती तर मी पण दोन शब्द ऐकवले असते.

बोंबील टीव्हीखाली बसून पंजा चाटत होता. जसं काही वरच्या मजल्यावरचं कुणी येऊन फाडून गेलं.

ही डायरी मेल्रॉयने आणून दिली. काशीमीऱ्याला तो ज्या गोडाऊनमध्ये कामाला आहे तिथली, वर ट्रकचं चित्र. "माय, दिवसभर कंटाळतेस, लिहीत जा काहीतरी." काय लिहू? स्वयंपाक मेगन सकाळीच करून जाते, भांड्यांना बाई येते. मी चौथ्या मजल्यावर बसून असते. हे गेल्या जूनमध्ये गेले, बोट ह्यांच्या भावाने, रेमंडने घेतली, सप्टेंबरात उत्तनच्या घराला कुलूप लावलं आणि मेल्रॉय मला इथे मीरा रोडला घेऊन आला. मी म्हटलं, येते, पण बोंबील बरोबर येणार. तेवढी एकच अट घातली होती. पिल्लू होता तेव्हा वाळत टाकलेल्या बोंबलासारखा दिसायचा, म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं. आता पाच किलोचा बोका आहे. मेगन त्याला "बॉबी" म्हणते. बॉबी म्हटलं की तो मान पण वळवत नाही.

१० जानेवारी, बुधवार

आज सोफ्याचा हात! खिडकीकडचा, उजवा, मी बसते तिथला. माझ्या डोळ्यांदेखत झालं. बाहेर कबुतर फडफडलं, बोंबीलने सोफ्याच्या हातावरून खिडकीकडे उडी मारली, मागच्या पायाचं नख अडकलं. कापड जाड विणीचं आहे. एक धागा वर आला, बारीकसं भोक. मी बोटाने दाबून बसवलं. बसलं नाही.

रात्री जेवताना मेगनने सांगून टाकलं. ११ फेब्रुवारीला, रविवारी, तिचे आईवडील येणार, फादर येऊन घर आशीर्वादित करणार. "तोपर्यंत बॉबी सुधारला तर ठीक, मम्मी. नाही तर त्याला उत्तनला रेमंड अंकलकडे ठेवू. तिथे त्याला मोकळं पण वाटेल."

मेल्रॉय ताटात बघत होता. आमटीत काय शोधत होता देव जाणे.

एक महिना. बोंबील गेला तर या घरात माझं कोण उरलं? मुलगा आहे, पण तो आठला जातो आणि आठला येतो. मधले बारा तास माझ्याशी बोलणारा बोंबील एकच. बोलतो म्हणजे शिव्या घालतो, पण माझ्याकडे बघून घालतो.

१२ जानेवारी, शुक्रवार

समोरची सुगंधा आली होती. रत्नागिरीची, नवरा पोस्टात. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. "आंटी, संत्र्याच्या साली ठेवा सोफ्यावर. मांजर फिरकणार नाय."

ठेवल्या. बोंबील दोन तास फिरकला नाही. मग पडद्यावर गेला.

मेल्रॉयने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून इंग्रजी कागद छापून आणले, मांजराच्या नखांवर! लोक काय काय लिहितात. वाचून मराठीत सांगितलं. मांजराचं ओरबाडणं बंद होत नाही. जुन्या नखाची साल त्याला काढावी लागते, अंग ताणावं लागतं, आणि ही जागा माझी असं सांगायचं असतं. मारू नका, दुसरी जागा द्या. ओरबाडायचा खांब मिळतो.

"खांब?" मी म्हटलं. "उत्तनला व्हरांड्याचा खांब होता की त्याला. नारळाचा. कधी कुणी घडवला-बिडवला नाही."

"माय, इथे नारळाचे खांब नाहीत."

ते मला दिसतंय.

१४ जानेवारी, रविवार

चर्चमधल्या मिस्सानंतर मेल्रॉयबरोबर स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. माशांच्या टाक्याच टाक्या. खायचे नाहीत, बघायचे मासे! मांजराचा खांब म्हटल्यावर दुकानदार आधी हसला, मग माळ्यावरून एक काढला. गुलाबी. दीड फूट. वर मऊ केसाळ कापड आणि लोंबता चेंडू. "आंटी, फॉरेन में सब बिल्ली यही यूज करती है।"

मी खांब हलवला, तो हलला. मऊ कापडावर बोट फिरवलं. मी म्हटलं, याच्यावर नख कशाला घासेल, याच्यावर झोपेल. मेल्रॉयने घेतला तरी. त्याला घरी काहीतरी घेऊन जायचं होतं.

१५ जानेवारी

बोंबीलने चेंडूला फटका मारला. खांब त्याच्याच डोक्यावर पडला. तो पलंगाखाली गेला तो संध्याकाळी बाहेर आला. आता गुलाबी रंग दिसला की वाट बदलतो. मेगनच्या गुलाबी चपलेला पण वळसा घालून जातो.

मेगन हसली. आठवड्याभरात पहिल्यांदा.

१७ जानेवारी

दुपार सरत नाही. चारदा घड्याळ पाहिलं, चारदा अडीच वाजले होते. गाऊनवर जिकडे तिकडे निळे धागे, नव्या सोफ्याचं कापड झडतंय.

१९ जानेवारी, शुक्रवार

मेल्रॉयने गोडाऊनमधून लाकडाचा ठोकळा आणि ट्रकची ताडपत्री बांधायची दोरी आणली. नायलॉनची. मी आणि त्याने बसून गुंडाळली. अर्धा तास हाताला काम होतं, बरं वाटलं. मी गाठ मारली तर म्हणतो, "माय, ही गाठ कापल्याशिवाय सुटायची नाही." सुटण्यासाठी मारलीच नव्हती.

बोंबील आला, वास घेतला, पंजा टाकला आणि नख अडकलं! असा ओरडला की सुगंधा धावत आली. कात्रीने दोरी कापून सोडवला. पुढच्या उजव्या पंजाचं एक नख उचकटलंय.

मूर्ख मी! चाळीस वर्षं जाळी विणली. नायलॉनची नवी जाळी आली तेव्हा माझी बोटं कितीदा कापली. नायलॉन नख धरून ठेवतं, सोडत नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला? पोराने आणली म्हणून काही बोलले नाही. इथे आल्यापासून मी गप्पच बसते. सवय लागली वाईट.

२१ जानेवारी, रविवार

उत्तनला जाऊन आले! एकटी, बसने.

रेमंड बोटीजवळच होता. माझा धाकटा दीर, साठीला आला तरी पोरासारखा उड्या मारतो. "वयनी! किती वालली गो. सून खाया देत न्हाय का?" मी म्हटलं, देते रे, भूकच नाही. चालल्याशिवाय भूक लागते का?

घर उघडून झाडलं. व्हरांड्याच्या खांबावर बोंबीलच्या नखांच्या रेघा, माझ्या कमरेपर्यंत. नीट पाहिलं आज. म्हणजे तो पुरता उभा राहून, पाठ ताणून घासायचा. दीड फुटाच्या गुलाबी खेळण्यावर काय ताणणार!

रेमंडचं जाळं फाटलेलं, वाळूत पसरलं होतं. मी आपली सहज बसले. फाटलेल्या जागेत नवी वीण लगेच घालता येत नाही. आधी भोक साफ करावं लागतं. लोंबणारी टोकं, अर्धवट तुटलेले धागे, सैल गाठी सगळं नखाने काढून टाकायचं, पक्क्या गाठी लागेपर्यंत. भोक मोठं होतं, होऊ द्यायचं. कडा चौकोनी आल्या की मग सुई. शिकाऊ मुली घाबरतात, भोक वाढतंय म्हणतात. माझ्या अंगठ्याचं नख त्यानेच जाड झालंय, मधोमध खाच आहे. दोन तास बसले. रेमंड काय बोलत होता, अर्धं ऐकलंच नाही. हात आपले चालले होते. किती दिवसांनी डोकं शांत झालं.

निघताना रेमंडला खांबाचं सांगितलं. तो आत गेला आणि ह्यांचं जुनं वल्हं घेऊन आला, पातं मोडलेलं. "ह्याचा करू. दादाला आवडलं असतं." दांडा कमरेएवढा कापला, खाली होडीच्या फळीचा जाड तुकडा ठोकला, वर काथ्याचा जुना दोर आवळून गुंडाळला, घट्ट, फट ठेवली नाही. मी सगळ्या ताकदीने ढकलून पाहिलं. हलला नाही.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ये क्या है मौसी, तोप?"

२२ जानेवारी

मेगनने वास घेतला. "मम्मी... याला फिश मार्केटचा वास येतोय." बरोबर आहे, येतो. मला तर तोच आवडला होता. तिने फिनेलच्या फडक्याने पुसला आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला. "इथे कुणाला दिसणार नाही."

बोंबीलने बाल्कनीच्या दारातूनच नाक मुरडलं आणि सोफ्याकडे गेला.

२३ जानेवारी

काही नाही. वल्हं मशीनमागे, मी खिडकीशी.

२४ जानेवारी, बुधवार

सोफ्याच्या हातावरचं भोक मोठं झालंय. वाटाण्याएवढं होतं, आता रुपयाएवढं. मेगनने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, एक सांगू? संडेला तुम्ही उत्तनला होता ना, त्या दिवशी त्याने काहीच केलं नाही. दिवसभर झोपला. तुम्ही असलात की तो लाडात येतो."

लागलं मला. म्हणजे माझ्यामुळे? मी लाड करते? करते. मग? कुणाचे करू?

तिला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला कळतं. तरी रात्रभर तेच.

२७ जानेवारी, शनिवार

कळलं! खांबात दोष नव्हता, जागेत होता.

मेल्रॉयकडून ते कागद पुन्हा वाचून घेतले. मांजर झोपतं, माणसं बसतात, दार उघडतं, तिथे खांब हवा. ही जागा माझी असं त्याला सगळ्यांसमोर सांगायचं असतं. मशीनमागे जाऊन कुणाला सांगेल? मी उठले, वल्हं उचललं, हॉलमध्ये आणून सोफ्याच्या मागच्या कोपऱ्याला लागून उभं केलं. मेगनला विचारलं नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदा एखादी गोष्ट न विचारता केली. काथ्यावर सुक्या जवळ्याचा चुरा चोळला, फिनेल मरावं म्हणून.

बोंबील आला. वास घेतला. एक फेरी मारली. मग मागच्या पायांवर उभा राहिला, पंजे वर, पाठ अशी लांबच लांब, आणि खर्र खर्र खर्र! काथ्याचा भुगा उडाला. मी टाळ्या वाजवल्या! सुगंधाला हाक मारली. ती दारातून बघून म्हणाली, "आंटी, तुमच्यापेक्षा तोच खूश दिसतोय."

नाही. मी जास्त खूश होते.

मेगन आली. हॉलमध्ये समोरच वल्हं, खाली भुगा, वर जवळ्याचा वास. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बोंबीलकडे. तो पुन्हा उभा राहिला, खर्र खर्र. "ओके," म्हणाली. "पण भुगा मम्मी तुम्ही झाडायचा."

झाडेन! दिवसातून दहा वेळा झाडेन!

३० जानेवारी, मंगळवार

खांबाखाली नखाची साल सापडली. पातळ, वाकडी, आतून पोकळ. मी ती डबीत ठेवली. वेडी म्हणतील. म्हणू देत.

सकाळी उठला की खांब, मेगन आली की खांब, मेल्रॉयने बूट काढले की खांब. मागच्या कोपऱ्याकडे ढुंकून बघत नाही. सोफ्याचा कारागीर येऊन तो कोपरा शिवून गेला.

१ फेब्रुवारी, गुरुवार

हातावरचं भोक वाढतंय. मला समजत नाही. खांब आहे, खांबावर घासतो, मग हे कशाला?

कारागिराने परवाच पाहिलं होतं. "अजीब बिल्ली है आंटी। नीचे पंजा मारती थी, ऊपर एक-एक धागा निकालती है।" मी म्हटलं, आमचा बोका हुशार आहे. तो हसला. मला हसू आलं नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

आठ दिवस उरले. मेगन काही म्हणत नाही. घरी आली की आधी सोफ्याच्या हाताकडे बघते, मग माझ्याकडे बघून हसते. त्यापेक्षा बोलली तर बरं.

सोमवारपासून पहारा. उठायचंच नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊपासून सहापर्यंत सोफ्याच्या त्या टोकाला बसून होते. पाण्याला उठले तेवढंच, तेही बोंबीलला कडेवर घेऊन. तो बिचारा कंटाळून खांबापाशी झोपला. टीव्ही लावला होता, मालिका बघितल्या, बाहेरच्या टँकरवरची भांडणं ऐकली. जीव नुसता वर-खाली. आठवडाभर घरात काय होणार, त्याला नेणार की ठेवणार, नेलं तर खाईल का, रेमंडच्या घरी कुत्रा आहे. तेच तेच तेच.

संध्याकाळी उठले. भोक मोठं! दोन बोटं जातील एवढं, आतला फोम दिसतोय!

कधी केलं? माझ्या कोपराखाली? मी डोळ्याला डोळा लावला नाही. टीव्हीकडे बघितलं असेन. तेवढ्यात? मांजर नव्हे, चोर आहे.

६ फेब्रुवारी

आज पण. पहाऱ्याला बसून पण.

मी त्याला मारलं. तो सोफ्याच्या हातावर येऊन नुसता बसला होता, माझ्या मांडीवर उतरायला. मी चापट मारली. सात वर्षांत कधी मारलं नव्हतं. तो पळाला नाही. बघत राहिला माझ्याकडे. मग उतरला आणि जाऊन आपल्या खांबाला नखं घासली, हळू, दोनदाच.

हे असते तर मला म्हणाले असते, डॉरिस, हात आवर.

१० फेब्रुवारी, शनिवार

मेल्रॉय माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हाच समजले. लहानपणी मार्कं कमी पडली की असाच येऊन बसायचा. "माय, खांब करून झाला, सगळं करून झालं. तू पहाऱ्याला बसलीस तरी तो करतोच. मेगनचं पण ऐकायला हवं ना. थोडे दिवस रेमंड काकाकडे ठेवू. आपण दर रविवारी जाऊ."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? माझ्या डोळ्यांसमोर फाडलंय त्याने. मी त्याची बाजू कशी घेऊ? वकिलाने पण सोडली असती केस.

११ फेब्रुवारी, रविवार

फादर आले, पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली. सोफ्याच्या हातावर क्रोशाचा रुमाल टाकला होता. मेगनच्या आईने बसता बसता तो उचलला आणि परत ठेवला. उचललाच कशाला?

वल्ह्यावर पण दोन थेंब पडले. फादरनी विचारलं, हे काय? मेगन पटकन म्हणाली, "पप्पांचं आहे, फादर. मेल्रॉयच्या." मांजराचं नाही म्हणाली. मला तिचा राग येता येता राहिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नेला.

बसमध्ये पिशवीतून डोकं काढून बसला होता. ओरडला नाही. पिशवीत बोट घातलं तर चाटलं.

रेमंड म्हणाला, "वयनी, तू भियाव नको. मी हाय ना." कुत्र्याला मागे बांधलंय. खांब नेला नाही, रेमंड म्हणतो त्याच्याकडे नारळाचे दहा आहेत. खरं म्हणजे मला न्यायचा नव्हता. खांब इथे राहिला तर तो परत येईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

परत येताना पिशवी हलकी होती, तरी दोन वेळा हात बदलला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कारागीर आला. उरलेल्या कापडातून सोफ्याचा हात नवा केला. "अब बिल्ली नहीं है ना? तो दस साल चलेगा।" छान केलाय, शिवण कुठे आहे सापडत नाही. मेगनने मला मिठी मारली. "सॉरी मम्मी. मला पण बरं वाटत नाहीये, खरंच." मग रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आता सांगा, हिच्यावर रागवायचं कसं!

१५ फेब्रुवारी

खांबाखाली झाडू मारला. भुगा नव्हता.

१७ फेब्रुवारी, शनिवार

रेमंडचा फोन. पहिल्यांदा इकडचं तिकडचं बोलला, तेव्हाच मला कळलं. "वयनी, तो खात न्हाय. माजे घरात राहत पण न्हाय. तुजे घराचे व्हरांड्यात जाऊन बसतंय, कुलपासमोर. मासा नेला, बोंबील नेला, कोलंबीचं डोकं नेलं, वास घेतंय आन् तोंड फिरवतंय."

"खांबाला नखं घासतो का रे? व्हरांड्याच्या?"

"न्हाय गो. नुसता बसतंय."

मांजर नखं घासतं म्हणजे जागा माझी म्हणतं. मग आता त्याची जागा कुठली?

मेल्रॉयला सांगितलं. उद्या जाऊ म्हणाला. मग गोडाऊनमधून फोन आला, उद्या माल उतरणार आहे. पुढच्या रविवारी नक्की म्हणाला. मी एकटी जाऊ शकते. पण जाऊन काय करू? त्याला बघून परत येऊ? पुन्हा तसंच सोडून? तेवढी ताकद नाही माझ्यात.

१९ फेब्रुवारी, सोमवार

रेमंडला तीनदा फोन केला. आज थोडं पाणी प्यायला.

दिवसभर खिडकीशी. टीव्ही चालू होता, काय चालू होतं सांगता येणार नाही. उठले तेव्हा गाऊनवर निळे धागे, ते झटकले. मेगन आली, पर्स ठेवली, सवयीने सोफ्याच्या हाताकडे बघायला गेली, मग तिची तिलाच लाज वाटली आणि आत गेली. बघितलंच नाही तिने. मी पण नाही.

२१ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून आले, सोफ्यावर बसले. आत्ता तीन वाजता रेमंडचा फोन वाजला म्हणून उठले, आणि उठताना हाताखाली भोक लागलं. नव्या कापडाला. रुपयाएवढं. लोंबतं टोक एक नाही, सैल धागा एक नाही. कडा चौकोनी, सुई घालायला तयार.

बोंबील नऊ दिवस उत्तनला आहे.

माझ्या अंगठ्याच्या नखात, खाचेत, निळा धागा आहे. फोन वाजून बंद झाला होता, आता पुन्हा वाजतोय. घेते, आणि रेमंडला सांगते की बोंबीलला म्हणावं, चुकलं माझं, मी संध्याकाळच्या बसने न्यायला येते. मेगनला येऊ दे. तिला दारातच माझा हा हात दाखवायचा आहे.